पंचाहत्तरच्या पुढचा आकडा

लोला पुरिंगला, म्हणजे पुरिंगआजीला, तोंडावर 'तुला हे येत नाही' म्हणायची हिंमत आख्ख्या मासळीबंदरात कुणाची नव्हती. नवरा तिबो म्हणायचा, पण तो कोंबड्याच्या कानात म्हणायचा. त्यामुळं नगरपालिकेच्या कल्याण कचेरीतली छत्रीवाली मॅडम रोवेना भर अंगणात उभी राहून ते बोलली, तेव्हा शेजारच्या देलियानं दोरीवरचे वाळलेले कपडे उतरवून पुन्हा पिळायला घेतले. एवढा वेळ कुंपणाशी रेंगाळायला दुसरं निमित्त कुठून आणणार?

"घर स्वच्छ आहे, लोला. पोरंही गुटगुटीत आहेत. पण ती इथं दिवसभर करतात काय?"

"खातात. झोपतात. भांडतात. उठून परत खातात."

"आणि शिकतात काय?"

"न भांडता खायला," पुरिंग म्हणाली. "तुमच्या कचेरीत जमतं का ते सगळ्यांना?"

मॅडम हसली नाही. कल्याण कचेरीतल्या माणसांना हसायला वरून हुकूम यावा लागतो. तिनं नवा नियम सांगितला. घरी पोरं सांभाळणाऱ्या बाईनं त्यांना अक्षरांची आणि आकड्यांची ओळख करून द्यायची. पुढच्या खेपेला मॅडम स्वतः परीक्षा घेणार. पोरांना काही आलं नाही, तर पुरिंगचं घर बंद आणि पोरं बाजारपेठेतल्या केंद्रात.

"पण लोला, तुम्हाला हे जमणार नसेल तर आत्ताच सांगा. त्यात लाज नाही. तुमचं शिक्षण..."

देलियाच्या हातातली चादर पिळता पिळता थांबली.

पुरिंगचं शिक्षण दुसरी. म्हणजे दुसरीत बसली होती, उठल्याचं कुणाला आठवत नाही. ती सावकाश उठली, मॅडमची छत्री तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "या पुढच्या खेपेला. येताना कापूस आणा कानात घालायला. पोरं एवढ्या जोरात उत्तरं देतील."

बोलून तर गेली. बाण सुटला आणि मग धनुष्य शोधायची पाळी आली.

ही पोरं होती बहुतेक डबाबंद मासळीच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांची. पहाटे बायका पोरं आणून टाकत, तिन्हीसांजेला अंगाला सार्डिनचा वास घेऊन न्यायला येत. बाजारपेठेतलं केंद्र म्हणजे दोन जीपगाड्या बदलून जायचं, आणि ते उघडणार कारखान्याचा भोंगा होऊन गेल्यावर. म्हणजे एकतर बायकांचं काम सुटणार, नाहीतर पोरं दाराला कडी लावून घरात कोंडली जाणार. पुरिंगला हे सगळं ठाऊक होतं. पण तिला झोपू देत नव्हतं ते दुसरंच. ती बाई 'तुमचं शिक्षण' म्हणून मध्येच थांबली होती. शिवी दिली असती तर पुरिंगनं परत दिली असती. थांबलेल्या वाक्याला काय उत्तर देणार?

बातमी कुंपणावरून गेली आणि सल्ले घेऊन परत आली. देलियाच्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला पुरिंग धर्ममाता झाली होती, तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कुमारे' म्हणत आणि त्या नात्याच्या जोरावर एकमेकींना वाटेल ते बोलत.

"कुमारे, कोपऱ्यावरच्या टीचर जेनलिनच्या शिकवणीतली पोरं बघ. एका दमात शंभरपर्यंत म्हणतात. न अडखळता! तुझ्याकडचा डोडोंग काल आमच्या बादलीत मुतला."

"नेम बघ की त्याचा," पुरिंग म्हणाली.

तिबोचं मत पडलं की पोरांना आधी झुंजीच्या कोंबड्यांचे रंग शिकवावेत, आयुष्यभर उपयोगी पडतं. बारांगायचे, म्हणजे वस्तीच्या पंचायतीचे, कप्तान बर्नाबे जाता जाता म्हणाले, राष्ट्रगीत शिकवा, म्हणजे मॅडमला उभं राहावं लागेल आणि उभ्या माणसाला फार प्रश्न सुचत नाहीत. शेवटी पुरिंगनं बाजारातून अक्षरांचा रंगीत तक्ता आणवला आणि भिंतीवर ठोकला.

तक्त्यानं घात केला. पहिल्याच चित्रातलं सफरचंद बघून इकाय म्हणाली, "हे आमच्याकडं नाताळला एकच आणतात आणि आई त्याला हात लावू देत नाही." इकाय ही हिशेबी पोर, तिला सफरचंद शिकायचं नव्हतं, मिळणार कधी ते विचारायचं होतं. पुढंपुढं जाऊन पोरं एक्सपाशी पोचली. एक्सच्या चित्रात एका चौकटीवर आखूड-लांब पट्ट्या एकापुढं एक मांडल्या होत्या.

"हे काय, लोला?"

पुरिंगनं बराच वेळ बघितलं. "मासे वाळवायची ताटी."

"कसली ताटी, कुमारे? शिडी आहे ती," कुंपणावरून देलिया.

कप्तानांना बोलावलं. ते चष्मा लावून म्हणाले, "कवळी." तिबो म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं, वरून बघितलेलं. दुपारपर्यंत निम्मी वस्ती भिंतीपुढं उभी राहून वाद घालत होती आणि पोरं मागं निवांत एकमेकांचे केस ओढत होती. टीचर जेनलिन रस्त्यानं चालली होती, तिला विचारता आलं असतं. पुरिंगनं विचारलं नाही. माणसानं अडाणी मरावं, पण शेजारणीसमोर मरू नये. संध्याकाळी तक्ता उतरला आणि भाताच्या पातेल्याखाली गेला.

मग तिनं तांदळाची अक्षरं अंगणात मांडली. तिबोचा कोंबडा 'जनरल' आला आणि डीपासून एचपर्यंत टिपून गेला. मग आकडे शिकवायला मक्याचे दाणे घेतले. डोडोंगनं एक दाणा नाकात घातला आणि तो आरोग्य केंद्रातल्या नर्सला चिमट्यानं काढावा लागला. नर्स म्हणाली, "लोला, काय चाललं होतं?"

"गणित," पुरिंग मान वर करून म्हणाली.

आता तिला उपाय कसा सुचला, तर सुचला नाही, कोंबड्यानं सुचवला. सांडलेले दाणे टिपत जनरल पलंगाखाली शिरला, त्याला हुसकताना पुरिंगचा हात एका डब्याला लागला आणि आतून खडखड वाजलं. बिंगो!

बिंगो म्हटलं की वस्तीत पुरिंगच. आकडे पुकारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिकिटावर वर पाच अक्षरं, बी, आय, एन, जी, ओ. प्रत्येकाखाली त्याचे त्याचे आकडे. बीखाली पंधरापर्यंत, पुढं आय, असं करत ओचा शेवट पंचाहत्तर. ही पाच अक्षरं आणि हे आकडे तिला अंधारातही ओळखू येत. दुसरीत जे डोक्यात गेलं नाही, ते मयताच्या घरी बिंगो खेळत रात्र जागवणाऱ्यांसाठी पुकारून पुकारून गेलं होतं.

"आता ये म्हणावं त्या बाईला," ती म्हणाली आणि पोरांना तिकिटं वाटली.

"बी-अकरा! कप्तानाच्या तंगड्या!"

"बी-अकरा!" पोरं ओरडली.

"ओ-सत्तर! तिबोचं वय, अक्कल सात!"

"ओ-सत्तर!"

"मी इथंच आहे," तिबो म्हणाला.

पोरं पेटली. जी पोरं तक्त्यापुढं घटकाभर बसत नव्हती, ती जेवायची भांडी बाजूला सारून तिकिटं मागू लागली. डोडोंग दांडगट, पण जीचा पंचावन्न कुठं आहे ते शोधायला त्याची बोटं मांजराच्या पावलांनी चालत. बेबोत सगळ्यात लहान. तिची आई कुवेतला परक्यांची पोरं सांभाळायला गेली, तेव्हापासून पोरीनं तोंडात अंगठा घातला तो काढलाच नव्हता. बोलत नसे. पण आकडा पुकारला की मोकळ्या हातानं दाणा अचूक ठेवायची.

आणि लोलो अम्बो, म्हणजे अम्बोआजा, यायचा. नव्वदीला टेकलेला, काठी टेकत टेकत यायचा आणि पोरांच्या रांगेत बुटक्या स्टुलावर बसायचा. त्याचं तिकीट ठरलेलं: कोपरा उंदरानं कुरतडलेला. त्या तिकिटावर तो उभी हयात खेळला आणि एकदाही जिंकला नाही. कायम एका आकड्यासाठी अडायचा.

"बदल की ते तिकीट, अम्बो," पुरिंग म्हणायची.

"बायको बदलली नाही, तिकीट काय बदलू?"

तर असा अभ्यास जोरात चालला. थोडा जास्तच जोरात. दुकानदारानं इकायला विचारलं, तू केवढी? ती म्हणाली, "बी-चार." कारखान्यातून दमून आलेली एक आई पुरिंगकडं तक्रार घेऊन आली, पोरगं म्हणतंय आपल्या घराला नंबर आहे पण अक्षर नाही, म्हणजे घर खोटं आहे. पोरांच्या मते आकडा कधी एकटा फिरत नसे. सभ्य बाईसारखा सोबत कुणाला तरी घेऊनच बाहेर पडे. आणि पंचाहत्तरला जग संपे.

खरा स्फोट रविवारी चर्चमध्ये झाला. पाद्रीबाबा गंभीर आवाजात म्हणाले, "आता आपण तेविसावं स्तोत्र..."

"आय-तेवीस!" पुढच्या बाकावरून सगळी पोरं गरजली.

आणि मागून लोलो अम्बो, सवयीनं, "एकच राहिला! एकच!"

सगळं चर्च हसलं. पाद्रीबाबासुद्धा पुस्तकाआड गेले. हसली नाही फक्त टीचर जेनलिन. दुसऱ्या दिवशी कप्तान बर्नाबे दोन चौकीदार घेऊन अंगणात हजर.

"लोला पुरिंग, तक्रार आली आहे. दुधपित्या पोरांना जुगार शिकवताय."

"जुगार? डावाला मक्याचा दाणा असतो, कप्तान. जिंकणारा तो खातो."

"बारांगायचा ठराव आहे. मयताचं घर सोडून वस्तीत बिंगो बंद, पत्ते बंद."

"कुणी केला असला शहाणा ठराव?"

कप्तानांनी घसा खाकरला. "तुम्हीच, लोला. तिबो पत्त्यात सायकल हरला तेव्हा. सभेत टेबलावर चढून तुम्हीच मंजूर करून घेतला होता. आम्ही नको म्हणत होतो."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. पुरिंग आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली. देलिया ते बघायला खास कुंपणाच्या अलीकडं आली. चौकीदारांनी बिंगोचा डबा उचलला तेव्हा पोरांनी गळे काढले. अम्बोनं आपलं कुरतडलेलं तिकीट सदऱ्याच्या आत लपवलं.

"परीक्षा परवावर आली," पुरिंग म्हणाली. "पोरांना पुसटसं तरी येतंय, तेवढ्यात... ठरावात फक्त मयताचं घर मोकळं. मी काय कुणाच्या मरणाची वाट बघू?"

अम्बो काठीवर जोर देत उठला. "तू नको काळजी करूस, पुरिंग. मयतावर चालतं ना? बघतो मी काय करता येतं ते."

सगळे हसले. पुरिंग म्हणाली, "जा म्हाताऱ्या, सूप पी आणि झोप."

परीक्षेच्या दिवशी पहाटेच देलिया धावत आली. लोलो अम्बो झोपेतच गेला होता.

पुरिंग पायरीवर बसली. डोळ्याला पदर नव्हता म्हणून तिनं पोराचा लंगोट लावला. "हयातभर सगळीकडं उशिरा पोचला," ती म्हणाली, "आणि आज वेळेवर." मग ती उठली, नाक पुसलं, सगळ्या पोरांची तोंडं धुतली, भांग पाडले आणि त्यांना दोरीला धरून ओळीनं अम्बोच्या घरी घेऊन गेली. म्हाताऱ्यानं शब्द पाळला होता; आता तिनं पाळला नसता तर तिला पुरिंग कोण म्हणणार?

कप्तानांनी रीतीप्रमाणं बिंगोचा डबा मयताच्या घरी पोचवला होताच. अम्बोची बायको सियोन शवपेटीशेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला कॉफी आणि बिस्किटं देत होती. पोरं बघून म्हणाली, "बरं केलंस पुरिंग, आणलीस ती. यांना पोरांशिवाय करमायचं नाही." पोरांनी म्हाताऱ्याला निरोप दिला, डोडोंगनं पेटीच्या काचेवर वाकून विचारलं, "आज का खेळत नाही?" आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "दमला असेल."

मॅडम रोवेना पुरिंगच्या घरी पोचली तेव्हा तिथं फक्त तिबो जनरलच्या पायाला तेल चोळत होता. "शाळा मयतावर गेली आहे," तो म्हणाला. ती छत्री घेऊन तशीच अम्बोच्या अंगणात आली. ताडपत्रीखाली आख्खी वस्ती, मध्ये शवपेटी, आणि पेटीच्या पायथ्याशी चटईवर परीक्षेचे उमेदवार, पुढ्यात मक्याचे दाणे.

"लोला, हे काय आहे?"

"वर्ग," पुरिंग म्हणाली. "बसा. मयताच्या घरी उभं राहू नये."

मॅडम बसली. तिनं पिशवीतून अक्षरांची कार्डं काढली. पहिलं कार्ड. ए.

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. इकाय अदबीनं म्हणाली, "हे तिकिटावर नसतं."

दुसरं कार्ड. बी. अंगण दणाणलं. सियोनच्या हातातली कॉफी सांडली. आय, एन, जी, ओ, सगळीकडं तोच गदारोळ. सी आणि डीला स्मशानशांतता, जागेला शोभणारी. मग मॅडम म्हणाली, "आता एकापासून दहापर्यंत म्हणा बघू, ओळीनं."

"ओळीनं?" डोडोंगनं विचारलं. "ओळीनं कसे येतील? ते डब्यातून येतात."

एवढी सोपी गोष्ट पुरिंगच्या ध्यानातच आली नव्हती. तिच्या पोरांना सगळे आकडे ओळखू येत होते, पण त्यांची रांग लावायला कुणी सांगितलंच नव्हतं. मॅडमनं काहीतरी लिहिलं. लांबलचक लिहिलं.

"आधी खेळ बघा," पुरिंग म्हणाली. "जेवण न चाखता मीठ कमी म्हणू नये. सियोन, मॅडमला तिकीट दे."

तिकिटं संपली होती. सियोन आत गेली आणि नवऱ्याच्या सदऱ्यातलं कुरतडलेलं तिकीट घेऊन आली. मयताच्या घरी दिलेलं नाकारत नाहीत. मॅडमनं ते मांडीवर ठेवलं.

पुरिंग पुकारू लागली. तंगड्या झाल्या, तिबोची अक्कल झाली. मॅडम आधी नुसती बघत होती. मग दाणे ठेवू लागली. मग छत्री खाली पडली ती तिनं उचलली नाही. "एन-बेचाळीस!" पुरिंग ओरडली. बेबोत सरपटत मॅडमपाशी गेली, तिच्या तिकिटावर राहिलेल्या घरात दाणा ठेवला आणि मॅडमच्या तोंडाकडं बघत बसली.

"बिंगो!" मॅडम रोवेना किंचाळली. उभी राहिली, दोन्ही हात वर.

आणि मग तिला दिसलं की सगळं अंगण शवपेटीकडं बघतंय.

"ते अम्बोचं तिकीट आहे," देलिया हलकेच म्हणाली. "हयातभरात पहिल्यांदा लागलं."

सियोननं शवपेटीच्या काचेवर हात ठेवला. "बघितलंत? आज जिंकलात हो. या बाईच्या हातून."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. तिनं हळूच मागं बघितलं, खांद्यावरून, जणू तिथं कुणी बसलं होतं. बक्षीस म्हणून दिलेला सार्डिनचा डबा घ्यावा की न घ्यावा, यावर कचेरीचा एक नियम होता आणि मयताचा दुसरा. तिनं डबा घेतला आणि लिहिणं थांबवलं.

"आता घर बघायचं," ती कशीबशी म्हणाली. "पाणी, संडास, झोपायची जागा."

"मयतावरून थेट माझ्या घरी?" पुरिंग उसळली. "पोरं झोपतात तिथं! वाटेत कुठं तरी थांबून झटकायला नको?"

हा नियम मात्र कुठल्याही कचेरीहून जुना. मयताच्या घरून सरळ घरी गेलं, की गेलेला माणूस सोबत येतो. मध्ये कुठं तरी थांबायचं, त्याला तिथं सोडायचं, मग घर. आणि मॅडमच्या खांद्यावर तर अम्बो नक्की बसला होता, साऱ्या वस्तीनं पाहिलं होतं. मॅडम लगेच म्हणाली, "हो हो, झटकू. कुठं?"

बेकरी बंद, बेकरीवाला मयतावर. दुकान बंद, दुकानदार मयतावर. सगळी वस्ती अम्बोकडं, उघडं होतं एकच दार: टीचर जेनलिनची शिकवणी. सगळी मिरवणूक तिकडं वळली. पुढं मॅडम, मागं दोरीला धरून पोरं, शेवटी देलिया, जिला झटकायचं कमी आणि बघायचं जास्त होतं.

जेनलिन दारात आली. "सगळे मिळून कुठून आलात?"

"मयतावरून!" पोरं एकमुखानं म्हणाली.

जेनलिननं झाडू आडवा धरला. "पाया पडते, दुसरीकडं झटका! माझ्याकडं लहान पोरं आहेत!"

"कचेरीच्या माणसाला दार बंद करताय?" मॅडमनं विचारलं. तिला घाई होती. खांदा जड झाला होता म्हणे. झाडू खाली आला.

आत जेनलिनची पोरं रांगेत बसली होती, वह्या समोर. सवयीनं त्यांनी सुरू केलं, एक, दोन, तीन, आणि थांबली नाहीत. सत्तर आले. पंचाहत्तर आले. पुरिंगची पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती, आणि पंचाहत्तरनंतरही आवाज येतच राहिला. शहात्तर. सत्त्याहत्तर.

"लोला," डोडोंग घाबरून म्हणाला, "ते पुढं चालले."

पुरिंगनं दाराची चौकट घट्ट धरली. पुढं आकडे असतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. बाजारात रोज भेटायचे. पण आपण पोरांना दार दाखवलं आणि दारापाशीच उभं केलं, हे तिला कळलं, आणि कळलेलं तिला आवडलं नाही.

घराची पाहणी झाली. संडास पास, पाणी पास, झोपायच्या चटईवर जनरल बसलेला सापडला. "तो विद्यार्थी नाही," तिबो म्हणाला. दारात मॅडम थांबली.

"घर आज बंद करत नाही, लोला. म्हाताऱ्याचं तिकीट लागल्यावर माझी छाती होत नाही. पण पुढच्या खेपेला आकडे ओळीनं आणि पंचाहत्तरच्या पुढं. अक्षरं सगळी. नाही आली, तर अम्बोसुद्धा तुम्हाला वाचवणार नाही."

"शिकवीन," पुरिंग म्हणाली. आणि प्रथमच बाण सोडायच्या आधी तिनं धनुष्याचा विचार केला.

अम्बोला पुरलं, प्रार्थनाही झाल्या, तेव्हा देलिया गुदगुल्या झाल्यासारखी कुंपणाशी आली. "कुमारे, ऐकलंस? जेनलिनच्या शिकवणीत म्हातारा राहिलाय म्हणतात. फळ्याखाली दाणे सापडले. आया पोरं काढून घेतायत. तुझ्याकडंच येणार आता सगळी!"

देलियाला वाटलं पुरिंग खूश होईल. पुरिंग चपला घालून उठली आणि भर दुपारी जेनलिनच्या दारात उभी राहिली.

"अम्बो!" ती पुकारली, बिंगोच्या आवाजात. चार घरांच्या खिडक्या उघडल्या. "इथं काय करतोस? इथं बिंगो नाही. चल घरी. तुझं स्टूल ठेवलंय."

मग ती जेनलिनकडं वळली. "म्हातारा मी नेला. तुझ्या पोरांच्या आयांना सांग, पुरिंगनं नेला. आता तू माझ्याकडं यायचंस. दुपारी, पोरं उठल्यावर. ती उरलेली अक्षरं मला येत नाहीत."

जेनलिन उंबऱ्यावर आली. "लोला, मी तुमची तक्रार केली होती."

"ठाऊक आहे. केलीस ती बरोबर केलीस, पण चर्चमध्ये हसली नाहीस त्याबद्दल माफी नाही. आणि ते एक्सचं चित्र कसलं आहे?"

"झायलोफोन, लोला. वाजवायचं असतं."

"म्हणजे ताटी नाही," पुरिंग म्हणाली. "देलियाला सांगू नकोस."

मॅडम रोवेना परत आली तेव्हा छत्री तिनं आधीच बाहेर ठेवली होती. जेनलिन भिंतीशी उभी होती. पोरं रांगेत, रांगेच्या टोकाला एक बुटकं स्टूल रिकामं, त्यावर कुरतडलेलं तिकीट. मॅडमनं त्याच्याकडं बघायचं टाळलं. अक्षरांची कार्डं झाली. एक्सला डोडोंग जरा अडला, पण म्हणाला. मग आकडे. ओळीनं.

पोरं निघाली. दहा, वीस, चाळीस. सत्तरला तिबोनं मान खाली घातली. चौऱ्याहत्तर. पंचाहत्तर.

आणि थांबली. सवयच तशी. डब्यात एवढेच होते.

मॅडमची पेन्सिल थांबली. जेनलिननं डोळे मिटले. कुंपणावर देलिया श्वास घ्यायची विसरली. पुरिंगच्या ओठांवर पुढचा आकडा आला होता, पण तिनं दात आवळले. तिनं म्हणून उपयोग नव्हता. म्हणायचा होता तो त्यांनी.

बेबोतनं रिकाम्या स्टुलाकडं बघितलं. मग तोंडातला अंगठा काढला, फ्रॉकला पुसला.

"शहात्तर," ती म्हणाली. पुढं ना बी, ना ओ. नुसता, एकटा आकडा.

मग सगळी पोरं तिच्यामागून धावली, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एवढ्या जोरात की जनरल खुराड्यावरून खाली पडला. मॅडम काहीतरी म्हणत होती, बहुतेक 'पास' म्हणत असावी. कुणालाच ऐकू येईना.

पुरिंगनं मॅडमच्या कानाशी वाकून विचारलं, "कापूस आणला नाहीत ना?"